मेजरांची जप्त रिक्षा

सरकारी कचेरीत गेले की मेजर आधी खुर्ची ओढून बसत, डाव्या गुडघ्याखालचा लाकडी पाय काढत आणि साहेबांपुढच्या आपल्या अर्जावर ठेवत. "कागदावर वजन लागतं म्हनं. माज्याकडं एवढंच हाय," असं वर सांगत.

आमच्या कर्जतकडे फौजेतून परतलेला प्रत्येक जण मेजरच. हे खरे तर शिपाई. सीमेवर सुरुंगात पाय गेला. पेन्शनीत घरचं भागेना. नव्वदच्या दशकात माजी सैनिकांच्या कोट्यातून अपंगांना रिक्षाचं परमिट मिळे, पण रिक्षा स्वतः चालवायची अट होती. मेजर चालवायचा परवाना मागायला गेले, तर पाय नाही म्हणून नकार. पाय नाही म्हणून हक्क आणि पाय नाही म्हणूनच नकार, इतका बिनतोड कायदा मी दुसरा पाहिला नाही. रिक्षात डाव्या पायाला कामच नसतं, हे मेजर सांगून थकले. परिवहनचे साहेब म्हणत, नियमात पाय मोजतात, त्याचं काम नाही.

शेवटी पाय गेल्यावर मिळालेल्या पैशातून त्यांनी जुनी रिक्षा घेतली, विनापरमिट चालवली आणि सरकारनं ती तत्परतेनं जप्त केली. रोज सकाळी मेजर पोलीस ठाण्याच्या आवारात जाऊन तिला पुसत.

त्या वर्षीच्या पंधरा ऑगस्टला मी शिकवत होतो त्या सरकारी शाळेत मेजरांचा सत्कार ठरला. प्रमुख पाहुणे परिवहनचे तेच साहेब. मेजरांना घेऊन येण्याचं काम ठाण्यातल्या हवालदाराकडे होतं. जीप बंदोबस्ताला गेलेली. आवारात होती ती जप्त रिक्षा, आणि ती चालवता येणारे एकटे मेजर. तेव्हा हवालदाराला मागे बसवून मेजर भर बाजारपेठेतून झेंड्यापाशी आले.

साहेब भारावले. शाल घालून माइकवर म्हणाले की, एका पायावर रिक्षा चालवत आलेल्या या वीराकडून मुलांनी जिद्द शिकावी. टाळ्या थांबल्यावर मेजर शांतपणे म्हणाले, "साहेब, मला चालवता येती, हे तुमी समद्यांफुडं बोलला. आता तेवढंच कागदावर लिवा."

नियम पाहावे लागतील, असं म्हणून साहेब चहाला गेले. मला भयंकर राग आला, आजही येतो. परमिट काही शेवटपर्यंत मिळालं नाही.

कार्यक्रम संपल्यावर मेजरांनी रिक्षा स्वतःच ठाण्यात परत नेली, होती तिथं लावली आणि किल्ली हवालदाराच्या हातात दिली. मी सोबत होतो. उन्हानं सीटचं रेक्झिन तडकलं होतं. त्यांनी अंगावरची शाल काढून त्यावर नीट अंथरली. शाल तरी घरी न्या, असं मी म्हणालो.

"ऱ्हाऊ द्या, मास्तर. रिक्षा सरकारची, शालबी सरकारची. एकमेकीला सांभाळत्याल."