ओ येईपर्यंत

पौषातली संध्याकाळ होती. गडाच्या पायथ्याच्या वाडीत शेकोटीपाशी बसलेल्या एका आईकडे मी पाहत होते. तिचा मुलगा आदल्या दिवशी एकटाच गडावर गेला होता, अंगात नुसता टी-शर्ट. "आपल्या डोंगरात कसली आलीय थंडी?" असं म्हणून निघालेला तो अजून उतरला नव्हता. त्याने घरीच टाकलेला स्वेटर घेऊन ती धावत आली होती आणि "आल्या आल्या गरम मिळू दे," म्हणत तो जाळावर धरत होती.

वाडीतले लोक त्याला शोधायला वर गेले होते. त्यांची हाक ऐकू आली की खाली सगळे गप्प होत. कुणी रेडिओ बंद करी, कुणी कुत्र्याचं तोंड धरी. मला वाटलं, हाक कुणीही मारेल. हाकेनंतरची शांतता सांभाळणं कठीण. एरवी आपण ओ ऐकायला थांबतो तरी कुठे?

"सागऽऽर!" वरून पुन्हा हाक आली. सगळे श्वास रोखून बसले. आईची नजर कड्याकडे. लोकर करपल्याचा वास सुटला, सगळ्यांना आला. पण "ताई, स्वेटर!" एवढं म्हणायलाही कुणाची जीभ रेटेना. नेमकी तेव्हाच त्याची ओ आली, आणि आपल्या आवाजात बुडाली तर?