उजव्या कोपऱ्यातला आत्मा

"हलायचं नाय. गाडी सुटली की सुटली."

फोटो काढण्याआधी आमचे कंट्रोलर हे वाक्य म्हणायचेच. डावा हात वर, पंजा पुढे, जणू समोरचा माणूस म्हणजे मागे मागे येणारी चिपळूणची गाडी. मग ते एक डोळा मिटायचे, स्वतःचा श्वास रोखायचे आणि समोरच्याचा जीव पुरता कासावीस झाला की बटण दाबायचे. त्यांनी काढलेल्या जवळपास प्रत्येक फोटोत माणूस गुदमरलेला दिसतो. त्यात कॅमेऱ्याचा काही दोष नव्हता.

त्या काळात तुम्ही पोलादपूरच्या एसटी स्टँडवर कधी उतरला असाल, तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. केबिनच्या खिडकीत बसलेला चौकोनी चेहरा, कानामागे पेन्सिल, आणि कर्ण्यातून येणारा तो आवाज, ज्यातून महाबळेश्वर आणि महाड यांतला फरक ओळखणं ज्याच्या त्याच्या नशिबावर. मी तिथल्या शाळेत शास्त्र शिकवायचे आणि त्यांच्या शेजारच्या खोल्यांत राहायचे. मधली भिंत अशी पातळ की त्यांच्याकडे आमटीला फोडणी पडली की मला ठसका लागायचा. तेव्हा मी जे सांगते आहे ते ऐकीव नाही.

कॅमेरा आणला त्यांच्या मेहुण्याने. तो जहाजावर कामाला होता. पांढरा, प्लास्टिकचा, बटाट्याएवढ्या नाकाचा डबा. बटण दाबलं की वेडावून दाखवल्यासारखा पुढून कागद बाहेर यायचा आणि थोड्या वेळात त्यावर हळूहळू माणूस उमटायचा. मेहुण्याने प्रामाणिकपणे सांगून टाकलं होतं की तिकडे हे स्वस्तातलं खेळणं आहे, शाळकरी पोरं गळ्यात अडकवून हिंडतात. हे वाक्य आपण ऐकलंच नाही असं कंट्रोलरांनी ठरवलं. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, कॅमेऱ्याला लोकरीचा अंगरखा विणला. आमच्या गावात माणसांना स्वेटर लागत नाही, पण कॅमेरा थंड देशातून आलेला, त्याची सवय मोडायला नको.

पाकिटात दहाच कागद असायचे आणि नवं पाकीट मेहुणा बंदराला लागेल तेव्हा. त्यात निगेटिव्ह नाही, म्हणजे एका फोटोची दुसरी प्रत नाही. मग माणसं पारखून घेणं आलंच. सरपंचांचा काढला, फौजदारांचा काढला, आणि एकदा मंत्र्यांच्या गाडीचा. मंत्री तोवर आत जाऊन चहाला बसले होते. मी माझ्या आठवीच्या वर्गाचा एक काढा म्हटलं, तर म्हणाले, पोरं हलतात.

एकदा आम्ही सगळे शेजारी मिळून रायगडाला गेलो. ऐन श्रावणात जायची कल्पना अर्थातच त्यांची. हिरकणीवाडीतून पायऱ्या चढताना कॅमेरा त्यांच्या छातीशी होता आणि त्यांच्या वाटची शिदोरी माझ्या खांद्यावर. वर पोचलो तर धुकं इतकं की शेजारच्याला हाक मारून चाचपावं लागत होतं. तरी त्यांनी दोन कागद खर्च केलेच. दोन्ही पांढरेफटक. पुढे वर्षभर येणाऱ्याजाणाऱ्याला ते त्या पांढऱ्यावर बोट ठेवून सांगत, ही नगारखान्याची कमान, हा बाजार. आम्ही माना डोलवत होतो. शेजारधर्म म्हणून काही असतोच.

या सगळ्या हौसेत त्यांना खरा हवा होता तो एकच फोटो, त्यांच्या आईचा. वडील गेले तेव्हा हे नोकरीच्या ट्रेनिंगला दूर होते. पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. वडिलांचा फोटो कधी काढलाच नव्हता. "बापाचा चेहरा आठवायचा तर मला आता आरशात बघायला लागतं, बाई," असं ते मला एकदा म्हणाले होते, आणि लगेच विषय बदलून पाऊस कसा लांबला ते सांगू लागले.

पण म्हातारी ऐकेल तर शपथ. मूठभर शरीर, दारात बसून तांदूळ निवडायची आणि येणाऱ्याजाणाऱ्यालाही. कॅमेरा दिसला की पदर तोंडावर.

"फोटू काढला की तुमाला भितीवर टांगायची घाई व्हते," ती म्हणायची. "मी अजून हाय."

मग जवळच्या कापडे गावचं प्रकरण झालं. तिथला एक म्हातारा भर पावसात गेला. एकुलता एक मुलगा मुंबईला गोदीत. सावित्रीचं पाणी चढल्यामुळे मुंबईची गाडी महाडच्या पलीकडे अडकलेली. गावकरी स्टँडवर विचारायला आले, गाडी कधी येईल? कंट्रोलरांनी फोन फिरवले, आणि आज नाही, असं सांगितलं. प्रेत किती थांबवणार? माणसं परत निघाली. तेव्हा हे गृहस्थ केबिन सहकाऱ्याच्या हवाली करून घरी आले, कॅमेरा छत्रीखाली घेतला आणि त्यांच्याबरोबर चालत कापड्याला गेले. गारठ्यात चित्र नीट उमटत नाही म्हणून बाहेर आलेला कागद त्यांनी शर्टाच्या आत, पोटाशी धरून ठेवला. दुसऱ्या दिवशी तो मुलगा गाडीतून उतरला तेव्हा त्याला केबिनमध्ये बसवून त्यांनी तो फोटो त्याच्या हातात दिला. मुलगा किती तरी वेळ तिथेच बसला होता. मी शाळेतून येताना त्याला पाहिलं. फोटो दोन्ही हातांत असा धरला होता की जणू सांडेल.

झालं. तालुक्यात बोंब झाली. ज्याचा मुलगा मुंबईला त्याच्या घरी कोणी गेलं की पहिला निरोप कंट्रोलरांना. लग्नाच्या पंक्ती, बारशाचे पाळणे, साहेबांचे सत्कार असली स्वप्नं बघणारा माणूस, आणि त्याच्या वाट्याला आली नुसती मयतं. त्यांना नाही म्हणता यायचं नाही. जाताना चिडचिड करायचे, पण जायचेच.

आता मयताच्या घरी जाऊन आलेली वस्तू वहिनी थोडीच तशी घरात घेणार! कंट्रोलरांनी मागच्या दारी आंघोळ करायची हे ठीक. पण कॅमेऱ्याला आंघोळ कशी घालणार? वहिनींनी विचार केला आणि सुवर्णमध्य काढला. त्या त्याच्यावर गोमूत्र शिंपडू लागल्या. लोकरीच्या अंगरख्यासकट. अशा चारदोन शुद्धींनंतर भिंगावर एक थेंब वाळून बसला आणि तेव्हापासून प्रत्येक फोटोत, वर उजव्या कोपऱ्यात, एक पांढुरका धुरकट डाग येऊ लागला.

मयताच्या घरी मात्र तो डाग म्हणून कोणी पाहिलाच नाही. तो आत्मा ठरला. देह खाली, आत्मा वर निघालेला, इतकं स्वच्छ! लोक हात जोडू लागले. कोणाचा आत्मा मोठा, कोणाचा पुसट, यावरून गेलेल्याचं पुण्य मोजलं जाऊ लागलं. एका सावकारी वृत्तीच्या इसमाचा आत्मा अगदी ठसठशीत आला, तेव्हा गावात बरीच नाराजी पसरली.

मी शास्त्र शिकवणारी. माझ्या डोळ्यांदेखत तालुक्यात हा चमत्कार चाललेला, आणि चमत्काराची बाटली माझ्या शेजारच्या मोरीत. मी रुमाल घेऊन गेले, म्हटलं, भाऊ, द्या इकडे, पुसून टाकते. त्यांनी कॅमेरा मागे लपवला.

"नको, बाई. त्या सुतारणीनं नवऱ्याचा फोटू बघितला आणि तीन दिसांत पहिल्यांदा जेवली. तिला काय सांगू, गाईचं मूत हाय म्हणून?"

मी रुमाल घेऊन परत आले.

जिवंत माणसांनी मात्र त्यांच्याशी उभा दावा मांडला. स्टँडवर हे नुसते केबिनबाहेर आले तरी म्हातारी माणसं लगबगीने दुसऱ्या बाकावर जायची. लग्नाचं आमंत्रण द्यायला आलेले लोक निघताना अडखळत सांगायचे, या सहकुटुंब, पण ती पेटी राहू द्या घरी. सरपंचांनी आपला जुना फोटो कपाटातून काढून तपासला म्हणे. डाग नव्हता तेव्हा कुठे त्यांना जेवण गेलं. कंट्रोलर हे सगळं हसून सांगायचे, पण त्यांना लागायचं. आईकडे तर त्यांनी विषय काढणंच सोडलं.

आणि मग एका भाद्रपदात म्हातारी स्वतःच म्हणाली, काढ. तिची मुलगी, आक्का, मुंबईला. त्या वर्षी तिला गौरींना येता आलं नाही. म्हातारी तापातून उठली होती आणि तिला वाटलं, पोरीकडे आपलं तोंड असावं. मुलीला बघायला पाहुणे यावेत तसे कंट्रोलर घरभर धावले. ठेवणीतलं लुगडं काढलं, दारात उजेडाला पाट मांडला, आणि माझ्याकडे येऊन तोच रुमाल मागून नेला. भिंग स्वतः पुसलं. आईच्या फोटोत त्यांना काहीही धुरकट नको होतं.

फोटो असा सुरेख आला की काय सांगू! सुरकुतीन् सुरकुती. आम्ही सगळ्यांनी वाहवा केली. म्हातारीने तो डोळ्यांपाशी नेला, लांब धरला, उलटा करून पाहिला, आणि तिचा चेहरा उतरला.

"माजा आत्मा कुठाय रे?"

वहिनी चुलीकडे बघू लागल्या, मी आढ्याकडे. म्हातारीने घाबरून फोटोचा कोपरा पदराने पुसून पाहिला. सगळ्यांचा दिसतो, हिचाच नाही. म्हणजे आधीच गेला की काय? खरं सांगावं तर संध्याकाळच्या गाड्यांबरोबर ते तालुकाभर जाणार, आणि त्या सुतारणीपर्यंतही. न सांगावं तर म्हातारी हाय खाणार. कंट्रोलर तिच्यापुढे उकिडवे बसले.

"आये, जित्या मानसाचा आत्मा आत असतो. भायेर कसा दिसंल?"

म्हातारीने विचार केला. मग तिने छातीवर हात ठेवला आणि खुदकन हसली. आक्काकडे धाडायचं राहूनच गेलं, दुसऱ्या दिवसापासून तो फोटो तिच्या कनवटीला. जो भेटेल त्याला दाखवायची, बघ, माजा अजून आत हाय. आणि काय सांगावं, जी म्हातारी माणसं बाक बदलून बसायची, तीच आता केबिनसमोर रांग लावून उभी राहू लागली. आपला आत्मा आत आहे याचा लेखी पुरावा कोणाला नको असतो? कंट्रोलरांच्या आयुष्यातले ते सुखाचे दिवस. तालुकाही कृपा करून धडधाकट राहिला. कागद संपत आले, मेहुण्याने जहाज सोडलं होतं, तेव्हा शेवटचा एक त्यांनी मागे ठेवला.

पुढच्या पावसाळ्यात म्हातारी गेली. सकाळी तांदूळ निवडता निवडता. आक्काला तार केली, ती निघालीही, आणि महाडच्या पलीकडे पाण्याने तिची गाडी अडवली. कंट्रोलरांनी स्वतःच फोन फिरवले. आज नाही, हे त्यांनीच येऊन ओट्यावर जमलेल्या लोकांना सांगितलं, नेहमी सांगायचे त्याच आवाजात. लोक म्हणाले, मग काढा फोटो, आक्काला आत्मा तरी दिसेल.

त्यांनी कॅमेरा घेतला आणि ते मागच्या दारी गेले. मी माझ्या मोरीच्या खिडकीतून पाहिलं. त्यांनी बाटलीचं बूच काढलं, करंगळी बुडवली आणि भिंगाच्या कडेला, बाळाला तीट लावावी तशी, अलगद टेकवली. फुंकर घालून वाळवली. वर पाहिलं तर खिडकीत मी.

फोटो काढला. कागद शर्टाच्या आत, पोटाशी धरून ते पावसाकडे तोंड करून उभे राहिले. थोड्या वेळाने बाहेर काढला, तेव्हा म्हातारी उमटली होती आणि कोपऱ्यात तो पांढरा ढग. बायकांनी हात जोडले. कंट्रोलर मात्र फोटोकडे बघतच राहिले. मग गर्दीतून वाट काढून माझ्याकडे आले. तिथे दुसऱ्या कोणालाही विचारलं असतं तर चाललं असतं. त्यांनी नेमकं मला विचारलं.

"बाई, गेली ना ती नीट?"

मला रडू आवरेना. मी फोटो हातात घेतला, उजेडाला धरला, उजव्या कोपऱ्यात नीट पाहिलं.

"नीट गेल्या, भाऊ," मी म्हटलं. "स्वच्छ दिसतंय."