मोठेबाबांचा मुक्काम

आमच्या मोठेबाबांइतका सभ्य माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही, आणि त्यांच्या सभ्यतेनं मला जेवढा मनस्ताप दिला तेवढा कुठल्या दांडगटानंही कधी दिला नाही. मोठेबाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. आमचं गाव इंझोरी. सरकारी खात्यातली ड्रायव्हरकी संपवून घरी आल्यावर त्यांनी चार लोकांसारखं पारावर बसावं, अशी सगळ्यांची अपेक्षा होती. त्याऐवजी त्यांनी लिलावातून एक जुनी बंद गाडी आणून दारात उभी केली. ही गाडी पूर्वी गावोगाव फिरून कुटुंबनियोजनाचे सिनेमे दाखवत असे. तिच्या दोन्ही अंगांवर भला मोठा लाल त्रिकोण होता. मोठेबाबांनी त्यावर निळा रंग मारला, पण लाल रंग सरकारी होता, तो हटेना. निळ्यातून वर आला आणि त्रिकोण जांभळा झाला. गाडीत त्यांनी फळ्यांचा पलंग ठोकला, वातीचा स्टो बसवला, माठ हलू नये म्हणून त्याला लाकडी बैठक केली आणि मोठ्या आईच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, जुन्या लुगड्याचा पडदा लावला. "आता आपलं घर आपल्यासंग," ते म्हणाले. मोठी आई म्हणाली, "मंग मांगचं घर कोन झाडन?"

गाडी धावायची बैलगाडीपेक्षा थोडी बरी. पण उशीर व्हायचा तो गाडीमुळे नाही, मुक्कामामुळे. वाटेत कुठंही रात्र काढायची म्हणजे मोठेबाबांच्या लेखी तो लग्न जमवण्याइतका नाजूक व्यवहार होता. दिवस मावळायच्या आत गाव गाठायचं, कारण "अंधारात येते तो मानूस गावाले दिसत नाही, फक्त आवाज आयकू येते." गाव गाठलं की पहिल्या घरासमोर गाडी उभी करायची, पण इंजिन बंद करायचं नाही. परवानगी मिळण्याआधी इंजिन बंद करणं म्हणजे विचारण्याआधीच बूड टेकणं. मग डोक्यावरची टोपी नीट करून ते उतरत आणि विचारत, "रातभर गाडी उभी करू का?"

बहुतेक लोकांना हा प्रश्नच कळत नसे. एकदा मंगरूळपीरच्या पुढं एका लहान गावात सायकली दुरुस्त करणाऱ्या एका चाचांना त्यांनी हे विचारलं. चाचा म्हणाले, "अरे भाई, सडक पे खडे रहो, मेरे कू क्या पूछते?" पण सडकेची परवानगी चाचांच्या तोंडून हवी होती, कारण सडक त्यांच्या दारासमोरून जात होती. चाचांनी पाटलांकडे पाठवलं, पाटलांनी सरपंचांकडे, सरपंच शेतात. तोवर आमची गाडी चाचांच्या दारात धडधडत उभी आणि धुराचा लोट त्यांच्या गोठ्यात. शेवटी चाचाच धावत आले. "मेरे आंगन में लगाव, घर में लगाव, पर इंजन बंद करो मियां! बकऱ्या पागल हो गई मेरी!"

परवानगी मिळाली की पुढचे सोपस्कार. आपल्या गाडीचं दार दुसऱ्याच्या दारासमोर येता कामा नये. इंजिनखाली घमेलं ठेवायचं, कारण आपलं ऑइल लोकांच्या अंगणात सांडणं वाईट. पाणी भरायला गेलं तर आधी घरवाल्यांचा हंडा भरून द्यायचा, मग आपला माठ. आणि सर्वांत जाचक म्हणजे, फोडणी द्यायची नाही. वास सुटला आणि शेजारच्या लेकरांना भूक लागली तर? फोडणी दिलीच तर पहिली वाटी त्या घरी गेली पाहिजे. मोठी आई इतके मुक्काम बिनफोडणीचं वरण जेवली की शेवटी शेवटी तिला वाटेतली सगळी गावं एकाच चवीची वाटायला लागली. "सारेच गावं आळणी," असं म्हणायची. सकाळी निघताना मोठेबाबा जागा झाडून काढत, चाकांच्या खुणा पायानं पुसत, आणि मी बाहेर उभा राहून दात खात असे.

मी तेव्हा कारंज्यात नुकताच मास्तर झालो होतो आणि मला सगळं कळत होतं. एकदा मी चिडून म्हणालो, "मोठेबाबा, सडक सरकारची हाये. कोनाले कायले विचारायचं? आपन बौद्ध झालो, आता कोनापुढं मान खाली कायले घालायची?"

त्यांनी गाडी हळू केली. ती आधीच इतकी हळू होती की जवळजवळ थांबलीच. "मान खाली घालून कुठं विचारतो बापू? समोरच्या दारातून विचारतो."

नंतर बाबांनी मला सांगितलं, की ही दोघं भावंडं लहान असताना आजोबांसोबत बाजाराला जात, तेव्हा वाटेतल्या गावात शिरायची सोय नव्हती. शिवेबाहेर, नाल्याच्या काठी पडून राहायचं आणि उजाडायच्या आत निघायचं. विचारायला समोर दारच नव्हतं. मी ते ऐकून घेतलं. माझी चिडचिड मात्र कमी झाली नाही. तरुण माणसाला दुसऱ्याची आठवण पुरत नाही, त्याला वेळेवर पोचायचं असतं.

आणि मला वेळेवर पोचायचं होतं ते केनवडला. तिथल्या एका घरी माझ्यासाठी मुलगी पाहायला जायचं ठरलं होतं. मी एसटीनं जाऊ म्हणत होतो. मोठेबाबा म्हणाले, "सोयरिकीले जाताना पाहुन्यावर झोपायचा भार कायले टाकायचा? आपलं घर आपल्यासंग." झालं. मी, बाबा आणि मोठी आई मागच्या बाजूला बसलो, मोठेबाबा पुढं. वाशीम मागं टाकलं तेव्हा मला प्रथमच वाटलं, की आपलं लग्न या जन्मात होईल.

मात्र ते दिवस आणीबाणीचे होते हे आम्ही कोणीच ध्यानात घेतलं नव्हतं. नसबंदीची धास्ती खेडोपाडी पसरलेली होती. बाजारातून माणसं उचलून नेतात, अशी बोलवा होती. अशा दिवसांत, ऊन कलताना, अंगावर त्रिकोण मिरवणारी आमची बंद गाडी केनवडात शिरली.

मी पडद्याआडून पाहत होतो. पिंपळाखाली पत्ते खेळणारी माणसं उठली आणि पत्ते टाकून पळाली. न्हाव्यासमोर बसलेला एकजण अर्धी दाढी घेऊन ज्वारीत घुसला, आणि त्याच्यामागोमाग वस्तरा हातात घेऊन न्हावी. बघता बघता गावात पुरुष म्हणून उरला नाही. मोठेबाबांना यातलं काही कळलं नाही. ते म्हणाले, "मोठं शिस्तीचं गाव दिसते. रिकामं कोनी बसून नाही."

मुलीचं घर शाळेजवळ होतं, खुणा बाबांनी विचारून ठेवल्या होत्या. मोठेबाबांनी गाडी बरोबर त्या घरासमोर उभी केली. इंजिन चालू. टोपी नीट केली, उतरले. दारात एक मुलगी उभी होती, हातात मुसळ घेऊन. तिचे वडील आणि भाऊ कुठं गेले असतील हे सांगायला नको.

"बाई, रातभर गाडी उभी करू का?"

"नाही," ती म्हणाली. आवाज थोडा कापत होता, मुसळ नाही. "आमच्या घरी मानसं नाहीत. गावातच मानसं नाहीत. तुमी जा."

"बरं बाई," मोठेबाबा म्हणाले, आणि येऊन गाडीत बसले.

बाबा मागून ओरडले, "दादा! अरे तेच घर हाये!"

"माहीत हाये मले."

"मंग सांग ना, आमी इंझोरीचे पाहुने म्हनून!"

"ती नाही म्हनली," मोठेबाबा म्हणाले आणि त्यांनी गाडी वळवली. "आता ओळख सांगतली तर तिले हो म्हनाच लागन. तसं हो घेऊन काय करतो?"

मी उडी मारून खाली उतरावं आणि ओरडावं, की बाई, मीच तो मुलगा, असं फार मनात आलं. पण मुसळ तिच्या हातात होतं, आणि स्वतःची अशी ओळख करून द्यायला जे धैर्य लागतं ते मास्तरकीच्या शिक्षणात शिकवत नाहीत. गाडी पुढच्या गावी गेली. तिथं परवानगी मिळाली, वरण झालं, बिनफोडणीचं. 

सकाळी गाडी तिथंच ठेवून आम्ही चालत केनवडला आलो. आता पुरुष परतले होते. मुलीच्या वडिलांनी हात जोडून स्वागत केलं. चहा घेऊन मुलगी बाहेर आली, तिनं मोठेबाबांना पाहिलं आणि चहा द्यायचा सोडून विचारलं,

"काल तुमीच आलते ना?"

"हो बाई."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तू नाही म्हनली होती ना."

 तिच्या वडिलांना कालची हकीकत कळली तेव्हा शरमेनं त्यांची मान वर होईना, आणि मोठेबाबा उलट त्यांचीच समजूत काढत बसले, की पोरगी हुशार आहे, अनोळखी गाडीला असंच उत्तर दिलं पाहिजे. माझ्याकडे तिनं त्या दिवशी एकदाच पाहिलं. तरी होकार आला. लग्नानंतर मी सुमनला विचारलं, माझ्यात असं काय पाहिलंस? ती म्हणाली, "तुमाले पाह्यलं कोनं? त्या दिवसांत कोनाचं 'नाही' कोनी आयकत नव्हतं. 'नाही' म्हनल्यावर मांगं फिरलेली ती पह्यलीच गाडी मी पाह्यली. म्हनलं, या घरात जाले हरकत नाही."

म्हणजे माझ्या लग्नाचं श्रेय, ज्या गोष्टीवरून मी त्यांच्याशी आयुष्यभर भांडलो, तिलाच. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. सुमननं सांगितलं असावं, कारण नंतर ते मला उपदेश करायचे थांबले.

गाडी पुढं बंद पडली ती पडलीच. मोठी आई गेली आणि मोठेबाबा थकले. औषधपाण्यासाठी आम्ही त्यांना कारंज्याला आमच्या दोन खोल्यांत आणलं. माझ्याच घरी ते रोज सकाळी उठून वळकटी बांधत आणि ती दाराशी ठेवून निमूट बसून राहत. मी वैतागायचो, समजावायचो, रागवायचो.  सुमन फक्त दोरी सोडायची आणि अंथरूण पुन्हा पसरायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असं कितीतरी दिवस चाललं, दोघंही हटेनात.

मग एका सकाळी मी शाळेला निघालो तेव्हा अंथरूण पसरलेलंच होतं आणि मोठेबाबा त्यावर पाय लांब करून, भिंतीला टेकून बसले होते. आतून स्टोचा आवाज येत होता. त्यांनी मान वळवली आणि जरा मोठ्यानं, हक्कानं म्हणाले, "सुमन, माय, चहात आज अद्रक टाकजो."

मी चपला हातात घेऊन तसाच उभा राहिलो. आतून ती म्हणाली, "टाकतो बाबा."