महेशचा दादा एकच

मखमलाबादच्या शिवारात झेंडू सगळेच लावतात. पण फूलबाजारात जाऊन विचारा, टपोरा झेंडू कोणाचा? हमालसुद्धा सांगेल, सावळीरामच्या समाधानचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी लोकांची फुलं पडून राहतात, समाधानचा टेम्पो नीट उभा राहायच्या आत रिकामा होतो. दहावीत गणितानं त्याला दोनदा पाडलं हे खरं. त्यानंतर मात्र त्याला कोणी पाडलं नाही. कबड्डीत त्यानं मांडी धरली आणि गडी सुटून गेला, असा गडी अजून जन्माला यायचाय.

पण समाधानला खरी मिरवायची गोष्ट म्हणजे धाकटा भाऊ महेश. उंची सहा फूट तीन इंच. घराच्या चौकटीला त्याच्या कपाळाचा डाग पडलाय. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होता आणि कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये खेळायचा.

त्याला खेळाडू केला कोणी? समाधाननं. शाळेत असल्यापासून महेश पहाटे त्याच्याबरोबर बाजारात यायचा. समाधान टेम्पोच्या हौद्यात उभा, महेश खाली. वरून झेंडूचा क्रेट सुटायचा आणि समाधान ओरडायचा, "धर!" धर म्हटलं की महेशचे हात पुढं. मान वर करायची नाही, विचार करायचा नाही. आठ वर्षांत एक क्रेट खाली पडला नाही. कॉलेजच्या सरांनी पहिल्या दिवशी त्याच्याकडं बॉल फेकला तर त्यानं तो एका हातानं झेलला. सर म्हणाले, "हात कुठं तयार केलेस रे?" महेश म्हणाला, "फूलबाजारात." ही गोष्ट समाधाननं सगळ्या बाजाराला सांगितली. ज्यांना सांगितली नाही ते त्या दिवशी आले नसतील.

सगळं बेस चाललं होतं. मग दिवाळीनंतर मॅचेस सुरू झाल्या, आणि मॅचेसबरोबर घरात रोहित शिरला.

तसा तो घरात कधी आला नाही, आला तो महेशच्या तोंडातून. रोहित तिसऱ्या वर्षाचा, नाशिक रोडचा, टीमचा कॅप्टन. मॅचेस सकाळच्या, बाजाराच्याच वेळेला, त्यामुळं समाधानला एकही बघायला मिळेना. जेवताना महेश जे सांगेल तेवढंच.

"रोहितदादा म्हणतो, रात्रीचा भात कमी कर."

समाधानचा घास हातातच राहिला. "कोण दादा?"

"रोहितदादा. आमचा कॅप्टन."

"किती वर्षांनी मोठा हाय तुझ्यापेक्षा?"

"एक."

"एका वर्षाचा दादा?" समाधाननं पातेलं ओढलं आणि महेशच्या ताटात दोन डाव भात वाढला. "खा. हा भात खाऊनच एवढा लांब झालायस. तेव्हा कुठं होता तुझा रोहितदादा?"

पुढच्या आठवड्यात बुटांचं झालं. समाधाननं स्वतः मेन रोडला जाऊन, चार दुकानं फिरून महेशला पांढरे बूट आणले होते. एक दिवस बघतो तर ते बूट पलंगाखाली, आणि महेशच्या पायात जुने निळे.

"हे कोणाचे?"

"रोहितदादानं आणून दिले. टीममधल्या जुन्या पोराचे हायेत, नंबर माझाच. तुझे लय भारी हायेत दादा, पण ते पळायचे बूट. लाकडी फ्लोअरवर घसरतात."

समाधान पलंगाखाली वाकला. पांढरे बूट उचलले, झटकले आणि स्वतःच घालून मळ्यात पाणी भरायला गेला. दोन नंबर मोठे होते. दिवसभर चिखलात फटक फटक वाजत होते, पण त्यानं काढले नाहीत.

टीम एकेक मॅच जिंकत गेली. महेशच्या मोबाइलच्या स्टेटसला रोज फोटो, आणि प्रत्येक फोटोत त्याच्या खांद्यावर रोहितचा हात. समाधान तो फोटो दोन बोटांनी मोठा करून बघायचा. हात खरंच खांद्यावर हाय, का नुसता मागं?

"काहीतरी जळतंय वाटतं," बायको म्हणाली. दीपमाला निफाडची, बोलायला कोणाला ऐकायची नाही. "चुलीवर तर काय ठेवलेलं नाय मी."

"तू गप गं. त्याला चालायला कोणी शिकवलं, विचार आईला."

"मी कुठं नाय म्हणते? पण आता तो पळायला लागलाय."

फायनल रविवारी दुपारी होती. बाजार उरकून जाता येणार होतं. महेश आदल्या रात्री म्हणाला, "दादा, येतोयस तर नियम सांगून ठेवतो. याच्यात अंगाला हात लावायचा नसतो."

"हात न लावता कसला खेळ? मला नको शिकवू."

समाधानला नियम नको होते. त्याला एकच गोष्ट बघायची होती. एका बाजूनं रोहित ओरडला आणि एका बाजूनं आपण, तर पोरगं कोणाचं ऐकतं?

रविवारी त्यानं सकाळीच उत्तम फुलं बाजूला काढली. पिवळे दोन पदर, मध्ये केशरी गोंडे, महेशच्या गुडघ्यापर्यंत येईल असा हार. एकच केला. दीपमाला म्हणाली, "दोन करा, कॅप्टनला लागंल." तो म्हणाला, "दोरा संपला." दोऱ्याचं रीळ तिच्या समोरच पडलेलं होतं.

हॉलमध्ये तो अगदी पुढच्या रेलिंगला उभा राहिला. रोहित त्याला पहिल्यांदाच खराखुरा दिसला. बुटका, काटकुळा, चष्म्याला मागून रबर बांधलेलं. याला दादा म्हणतो?

मॅच सुरू झाली. समोरच्या टीमचा एक आडदांड गडी बॉल घेऊन महेशच्या अंगावर आला. रोहित ओरडला, "महेश, सरळ उभा राहा!" त्याच क्षणी रेलिंगवरून समाधाननं छाती फुटेस्तोवर हाक दिली, "महेश, धर!"

महेशचे हात पुढं गेले. गडी धरला गेला. शिट्टी वाजली.

समाधाननं रेलिंगवर थाप मारली. शेजारच्याला म्हणाला, "बघितलं? माझं ऐकलं! कॅप्टनचं नाय, माझं!" शिट्टी कशाची, ते त्यानं विचारलंच नाही. कबड्डीत पकड केली की शिट्टी वाजतेच.

हाफटाइमच्या आत तीनदा धर झालं, तीनदा शिट्टी झाली. सरांनी महेशला थोडा वेळ बाहेर बसवलं. समाधानला वाटलं, पोराला दम खाऊ देतायत. तिसऱ्या भागात महेश परत आत आला, परत तो आडदांड आला, परत "धर!", परत शिट्टी. या वेळी सर कपाळावर हात मारून खाली बसले, आणि महेशनं रेलिंगकडं बघितलं. वरून क्रेट चुकीचा सुटला की तो असाच बघायचा.

शेजारचा माणूस म्हणाला, "ओ भाऊ, तुम्ही कोणाच्या बाजूनं हाय? चार फाउल झाले त्याचे. पाचवा झाला की पोरगं घरी."

"घरी म्हंजी?"

"बाहेर. मॅच संपेपर्यंत आत नाही यायचं."

समाधाननं पहिल्यांदा गुणफलकाकडं बघितलं. मॅच बरोबरीत चालली होती. उंच असा महेशच. तो गेला तर सीझन गेला, आणि घालवणारा कोण, तर ज्यानं घडवला तोच.

सरांनी मॅच थांबवून मिनिटभर वेळ मागितला. पोरं त्यांच्याभोवती गोळा झाली. रोहित मात्र घाम पुसत सरळ रेलिंगपाशी आला. "तुम्ही समाधानदादा ना? महेश सारखं तुमचंच बोलतो."

"मग?"

"मी तीन महिने त्याला सांगतोय, हात वर ठेव, अंगाला लावू नको. प्रॅक्टिसला ऐकतो. पण आज तुमचा आवाज आला की माझं काहीच ऐकू जात नाही त्याला." त्यानं चष्मा काढून बनियनला पुसला. "मी ओरडून उपयोग नाही. तेवढं तुम्ही सांगा."

समाधान दिवाळीपासून ज्याची वाट बघत होता ते हेच. रोहितच्या तोंडूनच आलं, चार लोकांदेखत. आणि नेमकं तेव्हा त्याला रोहितचे शब्द स्वतःच्या तोंडात घालायचे होते. कडू औषधासारखे ते घशाशी आले. मनात म्हणाला, हा चष्मेवाला सांगणार आणि मी बोलणार? नाय जमायचं.

शेवटच्या भागात दोन्ही टीम एकेका पॉइंटसाठी झटत होत्या. शेवटचं अर्धं मिनिट उरलं. महेशची टीम दोन पॉइंटनं पुढं. आडदांड गडी बॉल घेऊन निघाला. महेशचे हात कंबरेपाशी आले, बोटं उघडली. समाधानला ती बोटं ओळखीची होती. क्रेट यायच्या आधी अशीच उघडायची.

"महेश, हात वर!" तो ओरडला. "लावू नको! वरच ठेव!"

महेशचे हात छताकडं गेले. खांबासारखा उभा राहिला. गड्यानं उडी मारली, बॉल महेशच्या पंजावर आपटून खाली आला. शिट्टी वाजली नाही. रोहितनं बॉल उचलला, आणि घड्याळाचा भोंगा झाला.

पोरांनी रोहितला उचललं, कप त्याच्याच हातात दिला. समाधान हार घेऊन गर्दीत शिरला. महेश वाकून पाया पडला, मग हळूच म्हणाला, "दादा, रोहितला घाल ना. कॅप्टन हाय."

"कॅप्टनला कॉलेज घालील. हा आपल्या मळ्यातला हाय." समाधाननं हार महेशच्या गळ्यात घातला. पण एक गोष्ट महेशच्या लक्षात आली नाही, समाधानच्या आली. पोरगं आज नुसतं रोहित म्हणालं होतं.

सगळी टीम टेम्पोच्या हौद्यात चढली. जागा पुरेना म्हणून रोहित पुढं केबिनमध्ये आला. समाधाननं सीटवरची केशरी पाकळी झटकली.

"थँक्यू, समाधानदादा," रोहित म्हणाला.

समाधाननं चावी फिरवली. "एक सांगतो. खेळ बरा हाय तुझा. मळ्यात ये, तुझ्यासाठी वेगळा हार करीन, लय मोठा. पण मला दादा म्हणायचं नाय. भाऊ म्हण. दादा म्हणणारा मागं बसलाय, तेवढा एक बास."