आईनं घेतलेली थंडीची परीक्षा

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळं कॅनडातल्या विद्यापीठाचं प्रवेशपत्र आलं, तेव्हा कुणाला काय विचारावं हेच मला कळेना. शहर मध्यम आकाराचं, चहूकडं गव्हाचं सपाट माळरान, एवढं नकाशावर बघितलं होतं. पप्पा तयार झाले. आई नाही म्हणाली. लहानपणी मला न्यूमोनिया झाला होता. तेव्हा दवाखान्यात माझ्या उशाशी बसून तिनं ज्या रात्री काढल्या, त्या ती विसरली नव्हती. तिकडच्या थंडीत हिची छाती टिकायची नाही, हे तिचं ठरलेलं होतं.

मामा चिकलठाण्याला आईस्क्रीमच्या गोदामात कामाला होता. तो म्हणाला, "ताई, भांडत काय बसती? आण पोरीला माझ्याकडं. आतल्या खोलीत तिकडच्यासारखंच उणे वीस असतं. टिकली तर जाऊ दे."

"अन् नाय टिकली तर?"

"तर इथंच राहील. तुझ्या मनासारखं."

मे महिना होता. निघताना आईनं माझ्या डोक्यावर खोबरेल थापलं, वेणी घट्ट घातली आणि छातीला ओव्याची पुरचुंडी बांधली. गोदामात मामानं दोघींना जाड कोट दिले. आई साडीवरच कोट चढवून माझ्यामागं आत आली. लेकराला एकटं कसं सोडायचं, म्हणाली.

दार बंद झालं. मी जपून श्वास घेत होते. खोकला आला की सगळं संपलं, हे मला ठाऊक होतं.

"दम लागतो का?" आईनं विचारलं.

"नाही."

"खरं सांग."

"ताई," मामा म्हणाला, "तिला काय बी होईना. दात तुझेच वाजायलेत."

"वाजू दे माझे. तू हिच्याकडं बघ."

मामानं मला खोकी उचलायला लावली. भीत भीत एक उचललं, मग दुसरं. थोड्या वेळानं गाल गरम झाले. खोकला आला नाही. आईनं माझी वेणी हातात घेतली. खोबरेल गोठून ती काठीसारखी ताठ झाली होती. आई तिच्याकडं बघत राहिली आणि एकदम हसायला लागली. प्रवेशपत्र आल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती.

"तेल गोठलं, पण पोरगी नाय गोठली," ती म्हणाली.

बाहेर येताच, कोटसुद्धा न काढता, तिनं पप्पांना फोन लावला. "हिचं तिकीट काढा. मी सोता बघून आले."

कॅनडातला माझा पहिला हिवाळा आता संपत आलाय. छाती ठणठणीत आहे, आणि पहिल्या सत्राचे सगळे विषय सुटलेत. फोनवर आई आधी विचारते, "आज किती?" मी आकडा सांगते. मग बजाजनगरच्या आमच्या गल्लीतल्या बायकांना ती सांगत असल्याचं मला ऐकू येतं, "उणे वीस? त्यात काय लई नाय. मी जाऊन आलेली हाय."