इंचभर टेकू

हमीद मिस्त्री गेल्याचं त्यांच्या मुलीनं, शबानानं, फोनवर कळवलं तेव्हा मी साताऱ्यात एका साइटवर होतो. कुपवाडच्या त्यांच्या कारखान्यातच, काम करता करता हृदयविकाराचा झटका आला. दफन दुपारी होतं. लगेच निघालो असतो तर पोचलो असतो. पण स्लॅबचं काम आहे, असं स्वतःला सांगून मी गेलो नाही... नंतर सांगलीत शोकसभा झाली, तिथं मात्र वेळेआधी हजर होतो. शोकसभेत नुसतं तोंड दाखवून भागतं. तिथं मेढ्याजवळच्या एका रिसॉर्टचे मालक बोलले. मिस्त्री म्हणजे आमच्या घरातलेच, असं म्हणून त्यांनी रुमाल काढला आणि कोरडाच परत खिशात घातला. घरातल्या माणसाला हे कसं वागवतात ते मी पाहिलं आहे. त्यांच्या साइटचा इंजिनिअर मीच होतो.

मिस्त्री मूळचे रहिमतपूरचे, पिढीजात सुतार. सगळा जन्म सागवानात गेला आणि साठी उलटल्यावर हे नवं, कारखान्यात बनवलेलं लाकूड त्यांच्या हातात आलं. वर-खाली दोन पट्ट्या आणि मध्ये पातळ उभी फळी, असे हलके, लांबलचक वासे. त्यासोबतचं इंग्रजी माहितीपत्रक त्यांनी मुलीकडून दोनदा वाचून घेतलं होतं. आम्ही पदवीवाल्यांनी त्याची घडीसुद्धा मोडली नव्हती.

मेढ्याच्या त्या रिसॉर्टमधल्या एका बंगलीत वरच्या मजल्याची जमीन या वाशांवर टाकायची होती. एक टोक दगडी भिंतीवर, दुसरं मधल्या तुळईला लोखंडी खोबणीत. भिंत रेषेतून सरकलेली निघाली, त्यामुळे वासे तिच्यावर जेमतेम इंचभर येत होते. खोबण्याही आखूड आल्या होत्या. वाशाची खालची पट्टी तेवढी त्यांत बसे, वरचं अंग मोकळंच. मिस्त्रींनी मला हाताला धरून नेऊन दाखवलं. म्हणाले, "साहेब, ह्ये भिंतीवर टेकलेलं न्हाई, नुसतं शिवलंय." भिंतीला आतून जाड आडवं लाकूड बोल्टनं बसवा, वाशांच्या मध्ये आडवे ठोकळे द्या म्हणजे ते कलंडणार नाहीत, खोबण्या बदलून आणा, एवढंच त्यांचं मागणं होतं. आठवड्याचं काम. पण मालकांनी उद्घाटनाच्या पत्रिका वाटल्या होत्या. वरून फळ्या ठोकल्या की सगळं एकजीव होतं, असं मी सांगितलं आणि काम ठीक असल्याच्या कागदावर सही केली. मिस्त्रींनी माझ्याकडे एकदा पाहिलं, हत्यारं गोळा केली आणि ते निघून गेले. दुसऱ्या टोळीनं फळ्या ठोकल्या.

उद्घाटनाच्या सकाळी ते परत आले, न बोलावता, आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले. दुपारी चाळीस पाहुणे वर जेवायला बसणार होते. मालक आधी हसले, मग नको नको ते बोलले, शेवटी त्यांनी वॉचमनला बोलावलं. वॉचमननं मिस्त्रींचा दंड धरला तेव्हा मी चार हातांवर उभा होतो आणि मोबाइलमध्ये काहीतरी बघत होतो. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "चाळीस माणसांच्या वजनाची वाळूची पोती वर चढवा. जमीन टिकली तर मी तुमच्या पाया पडतो."

मालकांना ती गंमत वाटली. म्हाताऱ्याला पाया पडताना बघायला मिळणार होतं. मजूर पोती चढवू लागले. निम्मी पोती वर गेल्यावर भिंतीकडून कुरकुर ऐकू आली. मिस्त्रींनी ओरडून मजुरांना खाली घेतलं. शेवटचा मजूर उतरला, आणि वासे एकापाठोपाठ एक कलंडत भिंतीवरून निसटले. पोत्यांसकट जमीन खालच्या खोलीत आली. खरचटलंसुद्धा नाही कुणाला.

यानंतर कुणी त्यांचे आभार मानले असतील, असं वाटतं ना? मालकांनी पाहुण्यांना सांगितलं की वेड्या मिस्त्रीनं वजन टाकून बंगली मोडली. आणि मी अहवालात लिहिलं, 'अतिरिक्त भारामुळे'. ते दोन शब्द जिल्हाभर फिरले. मेढ्याकडच्या एकाही रिसॉर्टनं त्यांना पुन्हा बोलावलं नाही. मिस्त्री खुलासा करायला कुठंच गेले नाहीत. आमच्याशी वाद घालण्याइतकीही आमची लायकी त्यांना वाटली नसावी.

शोकसभेनंतर मी कुपवाडला गेलो. कारखाना आता शबाना चालवते. तिनं स्टूल दिलं, चहा दिला. बरंच घुटमळून मी विचारलं, अब्बा कधी माझ्याबद्दल बोलायचे का?

"नाव न्हाई घ्यायचे," ती म्हणाली. "सही म्हणायचे. मेढ्याची सही."

एवढं सांगून ती कामाला लागली. भिंतीला लागून वाशांची चळत होती. प्रत्येक टोकापासून चार बोटांवर पेन्सिलची रेघ. ही अब्बांची पद्धत, ती म्हणाली. भिंतीची कड या रेघेपर्यंत आली नाही तर वासा चढवायचाच नाही. चळतीतले खालचे वासे मिस्त्रींनी शेवटच्या आठवड्यात आखलेले, वरचे तिनं. मी वाकून बराच वेळ बघत राहिलो... कुठली रेघ कुणाची, ते मला ओळखता आलं नाही.