यादीतली शेवटची ओळ

मी ज्या विद्यापीठात नोकरी केली त्याचे नाव सांगत नाही. तिथे सगळ्यांना नवी पदनामे द्यायचे ठरले तेव्हा मी परीक्षा विभागात वरिष्ठ लिपिक होते. कागदावर लिपिक; पण विभागप्रमुख निवृत्त झाल्यापासून सहा वर्षे विभाग मीच चालवत होते. खुर्ची रिकामी आणि काम माझ्या टेबलावर. फोनवर कोणी 'आपण कोण?' विचारले की माझी पंचाईत व्हायची. 'परीक्षा विभाग बोलतोय' म्हणून मी वेळ मारून न्यायची.

उपकुलसचिवांनी पदनामांच्या यादीचे काम माझ्याकडे दिले, तेव्हा म्हणूनच मी हरखून गेले. गृहस्थ गोव्यातल्या आमोण्याचे, बोलणे कोंकणीतच. सगळे त्यांना साहेब म्हणत, मी एकटी दादा. दुपारी आमचे डबे एकत्र उघडायचे. त्यांच्या शेतातले आळसांदे, म्हणजे टपोरी चवळी, आणि माझी सुंगटांची किसमूर, सुक्या कोळंबीची. व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा अर्ज मी एकदा भरून ठेवला होता, तेव्हा तो त्यांनीच माझ्या हातून काढून घेतला होता. "कित्याक गो बाय? तुजें काम हीच तुजी पदवी." मला ते ऐकून बरे वाटले होते.

यादीच्या वेळी ते एवढेच म्हणाले, "खुर्ची पळोवन न्हय, काम पळोवन नांव दी."

काम बघून नाव द्यायचे, म्हणून मी टेबलाटेबलाशी जाऊन विचारले. जो तो अधिकारी व्हायला निघालेला. बागेचे काम बघणाऱ्याला उद्यान अधिकारी व्हायचे होते, आणि त्याचे उद्यान म्हणजे चार जास्वंदी आणि एक गळका नळ! उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांना लाख लावणारा शिपाई मात्र काहीच मागेना. त्याची बोटे लाखेने भाजलेली. त्याला मी 'गोपनीय कक्ष सहायक' लिहिले. त्याने ते चिठ्ठीवर उतरवून घेतले, मुलीच्या लग्नपत्रिकेत छापायला.

शेवटची ओळ माझी होती. कामाच्या वर्णनाला मी अख्खे पान घेतले आणि पदनामाची जागा कोरी सोडली. पेडण्याकडच्या आमच्या गावात देवळातल्या समाराधनेला वाढणारे शेवटी बसतात आणि स्वतःच्या पानावर स्वतः वाढून घेत नाहीत. दुसरा कोणीतरी वाढतोच. वळण तेच, दुसरे काय! दादांनी कोरी जागा पाहिली आणि हसून म्हणाले, "तुजें हांव बरयतां. तूं चिंता करूं नाका." माझे पदनाम ते लिहिणार होते. मी खरोखरच चिंता केली नाही.

तीन महिन्यांनी फलकावर आदेश लागला. शिपायाला त्याचे नाव मिळाले. बागवाला अधिकारी झाला. माझ्यापुढे लिहिले होते, 'कार्यालय सहायक'. खाली एक नवे पद होते, 'व्यवस्थापक, परीक्षा', आणि त्याच्या कामाचे वर्णन म्हणजे माझे पान, जसेच्या तसे. 'निकालाच्या आदल्या दिवशी याद्या स्वतः मोठ्याने वाचून पाहणे' हे वाक्यसुद्धा. दुसरे कोण असले वाक्य लिहिणार? पात्रतेत मात्र व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी. मी न घेतलेली.

मला फसवले होते, आणि तेही माझ्याच शब्दांनी. मी कागद काढून घेतला आणि तडक त्यांच्या केबिनमध्ये गेले. ते डबा उघडत होते.

"दादा, ह्यां माझां पान."

"नेम वयल्यांनी केल्यात, बाय. म्हज्या हातांत कितें आसा?" त्यांनी वरच्या मजल्याकडे बोट दाखवले, कागदाकडे पाहिलेही नाही. मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "म्हजो भाचो येतलो थंय. ताका मातशें शिकय."

त्या जागेसाठी अजून अर्जही मागवले नव्हते, आणि भाच्याला शिकवायचे काम मला मिळाले होते.

मी उभीच राहिले. त्यांना काहीतरी लागेल असे बोलायचे होते. त्यांनी रोजच्यासारखे डब्याचे झाकण माझ्यापुढे सरकवले, त्यात आळसांद्यांची उसळ वाढली आणि म्हणाले, "बस, जेवंया."

"नको, साहेब," मी म्हटले.

त्यांनी तेव्हा कुठे मान वर केली.